दामूशेठच्या मोटारीची सलामी

आधी चहा ओता, मग काय हसायचं ते हसा. उलटं केलंत तर मी उठून जाईन, आत्ताच सांगून ठेवतो. आज माझी जी फजिती सांगणार आहे ती मी बायकोलासुद्धा कधी अख्खी सांगितली नाही. तिला ती बाहेरून कळली. आणि बाहेरून कळते ती अख्खीच कळते, हे तुम्हाला ठाऊक आहे!

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि सगळ्या कल्याण-डोंबिवलीत खरं संगीत कळणारा एकच माणूस होता. कोण म्हणून काय विचारता? मीच की!

स्वातंत्र्य येऊन दोनेक वर्षं झालेली. मी डोंबिवलीचा. ठाण्याला एक गोवेकर मास्तर होते, त्यांच्याकडे तीन वर्षं व्हायोलिन शिकायला गेलेलो. तीन वर्षांत व्हायोलिन किती आलं ते सोडा, पण नोटेशन आलं. पाच रेघांवरचे ते काळे ठिपके मला वाचता यायचे, लिहिताही यायचे. आजूबाजूच्या कुणाला ते येत नव्हते, एवढं मला पुरलं. माणसाला तोरा मिरवायला फार ज्ञान लागत नाही हो. शेजाऱ्याला नसलेलं थोडंसं असलं की भागतं!

सनई ऐकली की मी नाक मुरडायचो. भजनाला 'आरडाओरडा' म्हणायचो. लग्नाचा बँड रस्त्यानं चालला की खिडकी लावून घ्यायचो, आणि लावताना ती मुद्दाम आपटायचो, म्हणजे त्यांना कळावं की इथं कोणी जाणकार राहतो. त्यांना काय कळायचं? ते आपले ढोल बडवत पुढे जायचे.

नोकरी होती संगीतशिक्षकाची. संस्थेची मोठी शाळा कल्याणात आणि धाकटी गोवेलीला, मुरबाडच्या रस्त्यावर. मोठ्या शाळेत मला कोणी उभं करेना, म्हणून गोवेलीला टाकलेलं. रोज सकाळी कल्याणहून सर्व्हिस मोटारीनं जायचं, संध्याकाळी त्याच मोटारीनं परत. आणि ही नोकरी तात्पुरती! डोंबिवलीत आईनं अख्ख्या आळीत 'मुलगा मास्तर झाला' म्हणून पेढे वाटले होते. तात्पुरता हा शब्द तिनं गाळला होता.

संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब. उंच, करारी माणूस, आणि संगीत म्हटलं की कपाळाला आठी. 'पोरांना पाढे येत नाहीत आणि तुम्ही त्यांना सा रे ग म शिकवता?' हे त्यांचं संगीतावरचं एकूण मत. माझी मुदत संपत आली तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं.

"हे पाहा, मी स्पष्ट बोलतो. अण्णासाहेबांनी एकदा तुमचं काम ऐकून मान डोलावली, की तुम्ही कायम. नाही डोलावली, तर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर येऊ नका."

"सर, त्यांना संगीतातलं काय कळतं?"

"मान त्यांची आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "डोलावणार तेच."

आता ती मान डोलवायची कशी? विचार करकरून माझी झोप उडाली. आणि अशात एक दिवस शहाडच्या फाटकापाशी आमची मोटार अडली.

ही मोटार दामूशेठची. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून मागे कोळशाची शेगडी लावलेली, तिच्या गॅसवर इंजिन चालायचं. लढाई संपली, इंग्रज गेले, शेगडी काही गेली नाही. पुढे ड्रायव्हर हसनचाचा, मागे कंडक्टर, आणि मध्ये माणसं, कोंबड्या, भाजीच्या पाट्या. दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. म्हणून छताखालून एक दोरी नेलेली आणि दोरीच्या टोकाला हसनचाचांच्या डोक्यावर घंटा टांगलेली. एक टोला, थांब. दोन टोले, चल. बस, एवढीच भाषा! हसनचाचा कधी मागे वळून बघायचे नाहीत. इंजिनाच्या खडखडाटात त्यांना माणसाचं ओरडणं ऐकू जायचं नाही, देवाचं गेलं असतं की नाही शंका आहे. पण घंटा बरोबर ऐकू जायची.

तर त्या दिवशी फाटकापाशी एक टोला पडला, गाडी थांबली. लांबून रेल्वेची शिटी. मग फाटक उघडलं, दोन टोले, भोंगा वाजला, आणि इंजिन धडधडत निघालं. माझ्या अंगावर काटा आला! अरे, हेच तर संगीत! विलायतेत लोक नद्यांवर लिहितात, डोंगरांवर लिहितात. मी कल्याण-गोवेली रस्त्यावर का लिहू नये?

चार दिवसांत मी ते लिहून काढलं. विलायतेत राजा आला की उंच सज्ज्यातून तुताऱ्या वाजवतात, त्या थाटाची सलामी. दीड मिनिटाची. सुरुवातीला कल्याणची सकाळ, नुसत्या तुताऱ्या. मग दोन टोले आणि धावणारी लय. शहाडला एक टोला, आठ मात्रा शांतता, त्यात शिटी, पुन्हा दोन टोले. म्हारळला परत तसंच. मग कांब्याच्या अलीकडून पलीकडपर्यंत नुसता वेग, आवाज चढत चढत जाणारा. शेवटी गोवेली, एक टोला, समाप्त. लिहून झाल्यावर मी स्वतःलाच आरशात नमस्कार केला. हसू नका, खरंच केला!

आणि योग बघा, त्याच सुमाराला दामूशेठनं नवी मोटार आणली. नवी म्हणजे नवी रंगवलेली. शेगडी नव्हती, एवढंच नवेपण. उद्घाटनाला फीत कापायला कोण? अण्णासाहेब! मी धावत दामूशेठकडे गेलो.

"शेठ, सनई वाजवून मोटार सोडणार? तुमच्यासारख्याला शोभतं का ते?"

"मग काय आणू? विलायती बाजा?"

"तोच आणायचा. रचना मी केलेली आहे."

दामूशेठला रचना म्हणजे काय ते कळलं नाही, पण विलायती कळलं. खूश झाले. म्हणाले, "वाजवणार कोण?"

इथं माझं घोडं अडलं. कल्याणात ऑर्केस्ट्रा कुठला? होता तो फक्त बाळ्या म्हात्रेचा लग्नाचा बँड. लाल कोट, पिवळी झालर, आणि पायात वहाणा! बाळ्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, खाडीकाठचा आगरी माणूस, कॉर्नेट नावाचा पितळी कर्णा वाजवायचा. पण मी त्याला सरळ अरे-तुरे करायचो. बँडवाल्याला अहो-जाहो कोण करतं?

दामूशेठच्या भाताच्या वखारीत तालीम सुरू झाली. अकरा जण पोत्यांवर बसलेले. मी बाळ्याच्या हातात नोटेशन दिलं. त्यानं कागद उलटा धरला. मी सुलटा करून दिला. त्यानं भक्तिभावानं पाहिला आणि परत दिला.

"मास्तर, तुमी येकदा तोंडानं बोला. आमी वाजवताव."

कपाळाला हात लावून मी एकदा गायलो. एकदाच! अकरा जणांनी ती चाल जशीच्या तशी उचलली. आता मला सांगा, शहाण्या माणसानं यावरून काय ओळखलं असतं? मी ओळखलं की हे लोक अडाणी आहेत.

घंटेसाठी मी निवडला दगडू. एरवी हा मोठा ढोल वाजवायचा, आणि बाकीचे दिवस मिठागरावर मिठाच्या पाट्या मोजायला बसायचा. मोजण्यात इतका पक्का की शेजारी बैल उधळला तरी आकडा चुकायचा नाही. घंटा मी दामूशेठकडून जुन्या मोटारीचीच मागून घेतली. आवाज अस्सल हवा ना! बाळ्यानं ती घंटा पाहिली आणि जरा चुळबुळला.

"मास्तर, येक बोलू? घंटंच्या ठिकानी थाळी वाजवली तर?"

"थाळी बारशाला वाजव."

"तसं नाय. हसनचाचा कना, त्यो…"

"हसनचाचांना संगीतातलं काय कळतं रे?" मी ओरडलो. "तुला तरी काय कळतं? सांगतो तेवढं कर!"

बाळ्या गप्प बसला. मला वाटलं, बरा गप्प केला.

मग मी तीन नियम घालून दिले. छडीनं पोत्यावर धूळ उडवत सांगितले, म्हणून अजून आठवतात. डोळे माझ्या छडीवर. मी दोन्ही हात वर केले की पूर्ण जोरात वाजवायचं. आणि काहीही झालं, आभाळ कोसळलं, तरी माझी छडी खाली येईपर्यंत थांबायचं नाही, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. का? तर विलायतेत पाहुणा आसनावर बसेपर्यंत वाजवतात. आणि बसायची जागा? सलामी उंचावरूनच हवी. कल्याणात सज्जा आणायचा कुठून? म्हणून मी फर्मान काढलं की बँड मोटारीच्या टपावर बसेल.

"आनि गारी चालू झाली तर?" बाळ्यानं विचारलं.

"गाडी चालू कशी होईल? पुढे फीत बांधलेली असणार!"

किती हुशार माणूस बघा मी.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. कल्याणच्या मोटारतळावर ही गर्दी. मोटारीच्या नाकापुढे दोन बांबू, त्यांना गुलाबी फीत. बांबू हलत होते म्हणून एक कंडक्टरनं धरून ठेवलेला. पहिली फेरी फुकट आहे असं कुणीतरी उठवल्यामुळे मोटार आतून आधीच भरलेली. टपावर माझे अकरा लाल कोट, आणि पुढच्या कडेला, बरोबर हसनचाचांच्या डोक्यावर, घंटा घेऊन दगडू. इंजिन चालूच होतं, कारण ते बंद केलं की हँडल मारमारून चार माणसांना घाम फुटायचा, आणि अण्णासाहेबांसमोर तो तमाशा दामूशेठला नको होता.

अण्णासाहेब आले. फितीच्या कडेला उभे राहिले, कात्री हातात घेतली, कपाळाला आठी तशीच. मी समोर स्टुलावर चढलो. पांढरा रंग दिलेली शाळेची छडी उचलली. आता बघाच म्हटलं!

तुताऱ्या उठल्या. काय सांगू, सुरेख उठल्या! अण्णासाहेबांनी दचकून वर पाहिलं. आठी जराशी सैल झाली. मी पाहिली, देवाशपथ सैल झाली! नोकरी कायम झाल्याची कल्याणची सकाळ मला दिसायला लागली. सकाळ संपली. दगडूनं आपली मोजणी पुरी केली.

टण टण.

आणि हसनचाचांनी गाडी सोडली.

सोडणारच! अकरा वर्षं ज्या घंटेवर हा माणूस चालला आणि थांबला, तीच घंटा डोक्यावर दोनदा वाजली. तो पुढची फीत बघेल की घंटा ऐकेल? गुलाबी फीत मोटारीच्या नाकाला गुंडाळून निघाली. कंडक्टर बांबूसकट दहा पावलं धावला, मग त्यानं बांबू सोडून दिला. अण्णासाहेबांना दामूशेठनं बाजूला ओढलं, आणि त्यांच्या कात्रीनं नुसती हवा कापली.

मी स्टुलावरून उडी मारली आणि मागे धावत सुटलो. "थांबा! थांबा!" दोन्ही हात वर करून ओरडलो.

दोन्ही हात वर म्हणजे काय? पूर्ण जोरात! टपावरून बाळ्यानं ते पाहिलं, मान तुकवली, आणि अकराच्या अकरा जण जीव तोडून वाजवायला लागले. मी जितके हात हलवावेत तितका आवाज वाढायचा. मग लक्षात आलं, छडी खाली करायला हवी. केली. तोवर मोटारीनं वळण घेतलं होतं.

मागे वळून बघतो तर सगळा मोटारतळ माझ्याकडे बघतोय. आणि त्यांच्या पुढे अण्णासाहेब.

टांगा बोलावला. अण्णासाहेब आणि दामूशेठ बसले. मी म्हटलं, मी चालत येतो. अण्णासाहेब एवढंच म्हणाले, "बसा."

टांगा शहाडच्या दिशेनं निघाला. लांबून, फार लांबून, माझी रचना ऐकू येत होती.

"हे तुमचं काम?" शेवटी अण्णासाहेबांनी विचारलं.

"संगीत माझं. मोटार दामूशेठची."

दामूशेठनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे टांग्याच्या घोड्याकडेच बघत राहिलो.

फाटकापाशी एक म्हातारेबुवा कठड्यावर बसले होते. त्यांनीच आम्हाला थांबवलं. "काय हो, नवा कायदा निघालाय का? फाटक सताड उघडं, तरी मोटार थांबली. मी म्हटलं जा की बाबा. हलेना! वरून शिटी वाजली, मग घंटा वाजली, मग गेली. आता फाटक उघडं असतानाही थांबायचं का?"

आठ मात्रा! दगडूनं बरोबर आठ मात्रा मोजून गाडी थांबवली होती. कुठेतरी आत, खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

म्हारळला तो अभिमान उतरला. रस्त्याच्या कडेला एक भाजीवाली कमरेवर हात ठेवून उभी. दामूशेठला पाहताच तिनं तोंड सोडलं. "शेट, ही कंची रीत? गारी थांबली, मी पाटी चरवली, पाय उचलला नाय तं टण टण! माजी वांगी गेली गोवेलीला न मी रायले इथंच!"

"येतील हो वांगी परत," दामूशेठ म्हणाले.

"वांगी येतील, बाजार येल का?"

तिलाही टांग्यात घेतलं. ती माझ्या शेजारी बसली आणि रस्ताभर मला, मी कोण हे माहीत नसताना, तो घंटा वाजवणारा आणि त्याला शिकवणारा यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली. मी "खरंय, खरंय" म्हणत होतो.

कांब्याला तर वीसेक माणसं थांब्यावर ताटकळलेली. मोटार त्यांच्या समोरून वाजतगाजत निघून गेलेली.

"तुमच्या संगीतात कांब्याला थांबा नाही का?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"नाही. तिथं… तिथं आवाज चढत जातो."

"हं. लोकांचाही चढलाय."

त्यात एक गंमत लक्षात घ्या. माझी रचना दीड मिनिटाची, आणि छडी काही खाली येताना दिसली नव्हती. म्हणजे संपली की पुन्हा पहिल्यापासून! दीड मिनिटात माझं शहाड, माझं म्हारळ आणि माझं गोवेली येऊन जायचं, मग परत कल्याण. खऱ्या रस्त्यावर मोटार भलत्याच ठिकाणी थांबत होती. शेतात थांबली. ओढ्यात थांबली. एका लग्नघरासमोर थांबली, तिथल्यांना वाटलं वऱ्हाड आलं, ते आरती घेऊन बाहेर आले, आठ मात्रा झाल्या, टण टण! हसनचाचांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आणि आत बसलेली माणसं कशाला बोंबलतील? त्यांना फुकट मोटार, वर फुकट बाजा.

आम्ही गोवेलीला पोचलो तेव्हा तासभर उशीर झालेला. तोंडावर धुळीचं पीठ. गावाच्या वेशीवर केळीच्या खुंटांची कमान उभारलेली, आणि कमानीच्या हातभर अलीकडे मोटार उभी. नंतर कळलं, टपावरच्या बाळ्यानं ती कमान येताना पाहिली, सगळे आडवे झाले, आणि दगडूनं आयुष्यात पहिल्यांदा मोजल्यावाचून टोला दिला. गावकऱ्यांनी वाट पाहून पाहून शेवटी पाहुण्यासाठी आणलेला हार दगडूच्याच गळ्यात घातला होता. तो घंटा पोटाशी धरून संकोचून बसलेला.

आणि बँड अजून वाजत होता!

मी टांग्यातून उतरलो. म्हटलं, आता एकेकाची सालटी काढतो. तेवढ्यात कानावर नीट पडलं, आणि मी जागच्या जागी उभा राहिलो.

चाल माझीच होती. पण वाटेत ती इतक्यांदा वाजवली होती की तिला पाय फुटले होते. माझ्या त्या ताठ तुताऱ्या बाळ्यानं मधेच वाकवल्या होत्या, हळदीच्या गाण्यासारखी एक गिरकी घातली होती, आणि धावण्याची लय आता खरंच रस्त्यावरून धावत होती. बायका टाळ्या धरत होत्या. भाजीवाली वांग्यांची पाटी शोधायची सोडून ठेका धरून उभी राहिली. मला राग आला, लाज वाटली, सगळं झालं. पण खोटं बोलणार नाही. माझ्यापेक्षा चांगली झाली होती. फारच चांगली झाली होती.

मी अण्णासाहेबांकडे पाहिलं. मान डोलत होती! हळूहळू, पण डोलत होती. आठीचा पत्ता नव्हता.

बाळ्यानं माझी खाली झुकलेली छडी पाहिली, आणि बँड थांबला. अण्णासाहेब पुढे झाले. "वा! कोणी बसवलं हे?"

मी एका ढांगेत पुढे आलो. छडी अजून हातातच. "मी, अण्णासाहेब! हे सगळं मीच…"

अण्णासाहेबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुम्ही तर माझ्याशेजारी टांग्यात होतात," ते म्हणाले.

सगळं गोवेली हसलं. भाजीवाली सगळ्यात मोठ्यानं हसली, कारण शिकवणारा कोण ते तिला आत्ता कळलं. मी रागानं बाळ्याकडे वळलो. "अरे, गाडी चालू झाल्यावर थांबायचं नाही का?"

"मास्तर, तुमीच बोललेलाव, छडी खाली येयपर्यंत थांबायचा नाय. छडी दिसायची बंद झाली. खाली आलेली काय दिसली नाय." तो हे इतक्या गरिबीनं म्हणाला की मी छडी पाठीमागे लपवली.

हसनचाचा खाली उतरून बिडी पेटवत होते. त्यांनीही आपलं मत दिलं. "मास्टर, घंटी एकदम बराबर होती. फक्त म्हारळला सवारी घ्यायला टाइम कमी ठेवला तुम्ही."

अण्णासाहेब बाळ्याशी बोलत राहिले. किती वर्षं वाजवता, कोणी शिकवलं, मुलांना शिकवाल का. बाळ्या हात जोडून "शिकवीन की, आमच्या घरात सगळ्यांना मीच शिकवलाय" म्हणाला. त्याला अहो-जाहो करणारा तो पहिला मोठा माणूस असावा.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. उठून उभे राहून हात हातात घेतला. "अभिनंदन! अण्णासाहेबांनी संगीतशिक्षकाची जागा कायम केली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. "आभारी आहे सर! आईला सांगतो…"

"जागा," मुख्याध्यापक म्हणाले. "जागा कायम केली."

मी आईला काय सांगितलं ते विचारू नका.

चार दिवसांनी संध्याकाळी डोंबिवलीला आमच्या दारात बाळाराम म्हात्रे उभे. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हातात कोरा कागद. माझी नजर टाळत होते. मी "या, बसा" म्हटलं. माझ्या तोंडून त्यांना 'बसा' आलेलं ऐकून तेच दचकले.

"मास्तर, मी त्या जागंला नको नको बोललो. खरंच बोललो. त्यांनी ऐकलं नाय. आता शाळेत कागद मागतान. जानकार मानसाचा दाखला पायजे, मला वाजवता येतंय म्हनून. आमच्या ओळखीत जानकार मानूस तुमीच."

काय करणार? आईनं चहा ठेवला. मी दौत-टाक घेतला आणि दाखला लिहून दिला. नुसता एक ओळीचा, पण त्यात एक अक्षर खोटं नाही:

'श्री. बाळाराम म्हात्रे माझ्यावाचून उत्तम वाजवतात, हे मी मोटारीच्या मागे धावत असताना समक्ष पाहिले आहे.'